चालत चालत स्पॅनिश: कामिनोवर भाषा किती येते, किती अडते

वाकडी_वाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मे महिन्यात स्पेनमध्ये कामिनो दे सांतियागो (म्हणजे सांतियागोपर्यंतची जुनी पायी यात्रा) अर्धामुर्धा चालून आले. अर्धामुर्धा अशासाठी, की पूर्ण 'फ्रेंच वाट' सुमारे ७८० किलोमीटरची आहे, तिला महिना-सव्वा महिना लागतो, आणि माझे गुडघे ५९ वर्षांचे आहेत. मी बुर्गोस ते लेओन हा साधारण १८० किमीचा पठारावरचा तुकडा केला. मग मधला डोंगराळ भाग रेल्वेने टाळून सारिया गावापासून सांतियागोपर्यंतचे शेवटचे ११५.

वाटेची वर्णनं भरपूर सापडतील. मला लिहायचंय ते भाषेबद्दल. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी ऑनलाइन स्पॅनिश शिकत होते. परीक्षेत बरे मार्क, तोंड उघडलं की बोंब. वर्गात 'मला एक खोली हवी आहे' हे वाक्य आपण एकदा म्हणतो, बाई शाबासकी देतात, धडा पुढे सरकतो. कामिनोवर तेच वाक्य रोज दुपारी दीड वाजता, घामाघूम अवस्थेत, नव्या माणसासमोर म्हणावं लागतं. 'आय कामा?' म्हणजे पलंग आहे का. पहिल्या दिवशी मी हे वाक्य दारात उभं राहून मनात चारदा घोकलं. पाचव्या दिवशी पाठपिशवी उतरवता उतरवता म्हणून टाकलं, वर 'लितेरा दे आबाखो' म्हणजे खालचा बंक मिळेल का, हेही जोडलं. गाव नवं, माणूस नवा, संवाद तोच. मला वाटतं पाठांतर आणि बोलणं यांच्यातली दरी भरायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

आणि हो, 'सोय पेरेग्रीना', म्हणजे मी यात्रेकरू आहे, असं म्हटलं की राहायची सोय होते. हा विनोद मी पठारावरचे नऊ दिवस स्वतःशीच करत होते, सोबत मराठी कोणी नव्हतं.

आता अडतं कुठे, ते सांगते. कारियोन गावाच्या पुढे १७ किमी एकही गाव नाही. सरळ खडीचा रस्ता, दोन्हीकडे गहू. ते संपवून पुढच्या गावात शिरले तर बाकावर एक आजोबा, हातात काठी, डोक्याला चपटी टोपी. त्यांनी विचारलं, 'दे दोंदे विएनेस?' मला वाटलं, देश विचारतायत. मी ऐटीत, 'वेंगो दे ला इंडिया.' आजोबांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा बुटांकडे. 'आंदांदो?' चालत?

'दे दोंदे एरेस' म्हणजे 'तुम्ही कुठल्या', आणि 'दे दोंदे विएनेस' म्हणजे 'कुठून येताय'. मराठीत हा फरक मला झोपेतही कळेल. स्पॅनिशमध्ये दोन वर्षं शिकूनही कळला नव्हता. त्या दुपारनंतर आयुष्यात चुकणार नाही.

तर प्रश्न असा: इथे कोणी असं चालत-चालत भाषा शिकलंय का? कुठे? आणि किती टिकली?

---

खडूस_काका

लेख छान. पण ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नऊ दिवस पलंग आणि कॉफी मागितली म्हणजे भाषा आली नव्हे. माझा पुतण्या तीन वर्षं बंगळुरात आहे, त्यालाही कन्नडमध्ये भाजी घेता येते. त्यापलीकडे शून्य.

---

अर्धा_चहा

म्हणजे स्पेनची वारीच की! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

वाकडी_वाट

@अर्धा_चहा: हे वाक्य निघाल्यापासून १४ जणांनी ऐकवलंय, तुम्ही पंधरावे. 😀

@काका: राग कसला, बरोबर आहे तुमचं. मी मूळ धाग्यात ते अर्धवटच लिहिलं. प्रश्न माझे पाठ होते, उत्तरं त्यांची होती. 'पलंग आहे का' मी सफाईने विचारलं की समोरच्याला वाटायचं, हिला येतंय. मग तो सुटायचा. दार दहाला बंद होतं, बूट बाहेरच्या मांडणीवर ठेवा, चादर कागदाची मिळेल, धुलाई यंत्राला नाणी लागतात, सकाळी आठच्या आत खोली सोडा. हे सगळं एका श्वासात. मी मान डोलवायची आणि इतर लोक बूट कुठे ठेवतात ते बघायची.

पण चालण्याचा फायदा इथे होतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस नसतो, पण तीच यादी असते. चौथ्या आल्बेर्गेत मला 'सापातोस' आणि 'फुएरा' ऐकू आले, सहाव्यात नाण्यांचं कळलं. (आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा म्हणा. नगरपालिकेच्या किंवा चर्चच्या जागी साधारण ८ ते १५ युरो, काही ठिकाणी 'दोनातिवो', म्हणजे पेटीत यथाशक्ती.) तीच सूचना दहा वेगवेगळ्या आवाजांत ऐकायला कोणता क्लास देतो?

---

दिंडी_क्र_अमुक

वारीचा विषय निघालाच म्हणून. दोन्हीत चालणं सोडलं तर फार साम्य नाही, असं माझं मत. वारीत तुम्ही दिंडीचे असता. चालायचं केव्हा, थांबायचं कुठे, जेवायचं काय, ते दिंडी ठरवते. कामिनोवर प्रत्येक जण आपापला दिसतो. पण भाषेबाबत एक सांगतो. आमच्या हापिसातला लखनौचा पोरगा एकदा हौसेने पुणे ते सासवड चालला. दिवेघाट चढून वर येईपर्यंत त्याला 'सरका माउली', 'पाणी घ्या', 'जेवलात का' आणि 'पाय दाबून देऊ का' एवढं येत होतं. त्याआधी चार वर्षं पुण्यात राहून फक्त 'रिक्षा' येत होतं, तेही मराठी म्हणता येईल का, शंका आहे.

---

पेद्रूची_शेजारीण

मी मडगावची, आता लिस्बनजवळ असते. आम्ही नवराबायको पोर्तोहून कामिनो चाललो, मधली वाट, सुमारे २४० किमी. मिन्यो नदीवरचा पूल ओलांडला की पोर्तुगाल संपतं, पलीकडे तुई गाव, स्पेन. पण कानाला सीमा लागतच नाही, कारण पलीकडे गालिसिया, आणि तिथली गालेगो भाषा पोर्तुगीजची सख्खी बहीण.

पहिल्याच मुक्कामी म्हातारी मालकीण म्हणाली, 'आ चावे', आणि हातात चावी ठेवली. माझा नवरा कोल्हापूरचा, त्याला पोर्तुगीज जेमतेम. तो हसायलाच लागला. 'ही मराठी बोलते!' आपली चावी पोर्तुगीजांकडूनच आली ना. मग त्याला नादच लागला. बालदी तिकडे 'बाल्दे'. पोर्तुगीजमध्ये साबण 'साबाँव', बटाटा 'बाताता', अननस 'अनानास', लिलाव 'लेइलाँव', घमेलं 'गामेला', बिजागरी 'बिसाग्रा'. स्पॅनिश शिकणाऱ्यांनी जपून, स्पेनमध्ये चावीला 'यावे' आणि बटाट्याला 'पाताता' म्हणतात. पण गालिसियात शिरलात की घरी आल्यासारखं वाटेल.

आणि पाद्रोन गावच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या जरूर खा. तिथे म्हणच आहे, काही तिखट लागतात, काही नाही. आम्हाला एकही लागली नाही, मालवणी तिखटावर वाढलेली माणसं.

---

वाकडी_वाट

@पेद्रूची_शेजारीण: वा! सारियानंतर पाट्या अचानक बदलल्या तेव्हा मी गोंधळले होते. 'काये'ची 'रूआ' झाली, 'प्लासा'ची 'प्रासा'. आणि लोक 'बुएन कामिनो'ऐवजी 'बो कामिन्यो' म्हणायला लागले. मला वाटलं, दमल्यामुळे कान गेले.

---

व्याकरणाचा_किडा

धागाकर्तीला एक विचारायचंय. तुम्ही स्पॅनिश इंग्रजीतून शिकलात ना? तिथेच अर्धी शक्ती वाया जाते. मी स्पॅनिश शिकवत नाही, पण बारा वर्षं शिकतोय (हो, अजूनही). मराठी माणसाने मराठीतून शिकावी, असं माझं ठाम मत झालंय. कारणं:

'मे गुस्ता' म्हणजे शब्दशः 'मला आवडतं'. इंग्रजीवाले 'आय लाइक'च्या साच्यात ते कोंबायला जातात आणि महिनाभर रडतात. आपल्याकडे 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात', क्रियापद आंब्यामागे जातं. स्पॅनिशमध्ये डिट्टो, 'गुस्ता', 'गुस्तान'.

'मे दुएले ला रोदिया', मला गुडघा दुखतो. 'मला पोटात दुखतंय' म्हणतोच की आपण.

सगळ्यात गोड म्हणजे 'से मे कायो एल बासो'. ग्लास 'माझ्या हातून पडला'. मी पाडला नाही, तो पडला, मी फक्त आसपास होतो. हे इंग्रजीत सांगून बघा! आपल्याला जन्मतः येतं.

उच्चारांचंही तेच. त, द, प, क आपल्यासारखेच, श्वास न सोडता. फक्त इंग्रजी शाळेमुळे 'टोमाटे' म्हणायची खोड लागते, ते 'तोमाते' आहे. 'न्य' आपल्या ञ सारखा. आणि स्पेनच्या बऱ्याच भागात 'ग्राथियास', 'थेर्वेथा' असा थ येतो, तो ऐकून दचकू नका.

'आहे' आणि 'असतो' म्हणजे तिकडचं 'एस्तार' आणि 'सेर', हेही फुकट मिळतं.

---

सहज_सुचलं

@किडा, शेवटचं पटलं नाही. 'मी पुण्याचा आहे' यात आपण 'आहे' वापरतो, तिथे 'सोय' लागतं, 'एस्तोय' नाही. 'मी दमलो आहे' ला मात्र 'एस्तोय'. आपल्या 'आहे'त दोन्ही मावतात.

---

व्याकरणाचा_किडा

मान्य. उत्साहाच्या भरात जास्त बोललो. बाकीचे मुद्दे मात्र घट्ट आहेत.

---

वाकडी_वाट

@किडा: 'माझ्या हातून पडला' वाचून हसून हसून पुरेवाट. खरंच हे कोणी आधी सांगितलं असतं तर! आमच्या ऑनलाइन बाई कोलंबियाच्या, शिकवणं इंग्रजीतून. त्यामुळे आणखी एक घोळ. मी फळांचा रस 'खुगो' शिकले होते, स्पेनमध्ये तो 'सुमो'. गाडी 'कार्रो' शिकले, तिकडे 'कोचे'. अॅपवालेही बहुधा लॅटिन अमेरिकेचीच भाषा शिकवतात. आणि चारजणांशी बोलताना स्पेनवाले घरगुती 'वोसोत्रोस' वापरतात, ते आम्हाला 'सोडून द्या, लागत नाही' म्हणून वगळलं होतं. पहिल्या संध्याकाळी तेच सगळीकडून कानावर.

चालण्याच्या क्रियापदाने तर माझी फजिती केली. बोआदियापासून फ्रोमिस्तापर्यंत वाट कालव्याच्या काठाने जाते, जुना कास्तियाचा कालवा, पाणी संथ, बेडूक ओरडत असतात. एकटीच होते, म्हणून मोठ्याने भूतकाळ घोकत चालले. काल मी खाल्लं, काल मी झोपले, काल मी चालले. 'आंदार' म्हणजे चालणं, म्हणून 'आंदे'. संध्याकाळी आल्बेर्गेच्या बाईंना ऐटीत सांगितलं, 'ओय आंदे वेइंते किलोमेत्रोस.' त्या शिक्का मारता मारता थांबल्या. 'आंदूवे,' म्हणाल्या. आणि मला बरं वाटावं म्हणून की काय, पुढे म्हणाल्या, आमची पोरंही 'आंदे'च म्हणतात. मग शिक्का मारला. रोज चालते आणि चालण्याचाच भूतकाळ अनियमित! शिक्क्यांची ती पुस्तिका, 'क्रेदेन्सियाल', उघडली की फ्रोमिस्ताच्या शिक्क्यापाशी मला 'आंदूवे' ऐकू येतं.

---

घड्याळी_डोंगर

मी जर्मन पुण्याच्या 'रानडे इन्स्टिट्यूट'ला केलं, पुढे नोकरीमुळे झ्युरिक. आमच्याकडे चालायला वाटा उदंड, ६५,००० किमीच्या वर खुणा केलेल्या. पाट्या पिवळ्या, आणि त्यावर बहुतेक अंतर नसतंच, वेळ असते. 'अमुक खिंड २ तास १० मिनिटं'. कुणाच्या पायाने, ते विचारू नका. माझ्या पायाने तीन.

पण भाषेसाठी स्वित्झर्लंड सुचवणार नाही. पुस्तकी जर्मन घेऊन गेलात की समोरचा 'ग्र्युएत्सी' म्हणतो आणि पुढचं काही कळत नाही. तुम्ही गोंधळलेले दिसलात की बिचारा लगेच इंग्रजीवर येतो. ऑस्ट्रियात जा, डोंगरातल्या झोपड्यांमधून राहत. तिथे एक पद्धत आहे, हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना 'दू', म्हणजे 'तू'. खाली गावात 'झी', म्हणजे 'तुम्ही'. आमच्यासारख्या 'तुम्ही'त वाढलेल्यांना पहिल्या दिवशी साठीच्या माणसाला 'तू' म्हणताना जीभ अडखळते. उतरताना कुठे पुन्हा 'तुम्ही' सुरू करायचं, ते अजून समजलेलं नाही.

---

नवशिकी_नाशिक

ताई, खूप आवडलं. मी शाकाहारी, अंडंही नाही. जगेन का? आणि 'मी शाकाहारी आहे' एवढं म्हटलं की भागतं का?

---

वाकडी_वाट

@नवशिकी: नाही भागत. मी सांगितलं, 'सोय वेखेतारियाना.' बाई म्हणाल्या, काळजी नको. भाज्यांचं सूप आलं, वर गुलाबी तुकडे तरंगतायत. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, खामोन, मांस नाही, चवीपुरतं. 'कार्ने' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे मोठा तुकडा येतो, सुकवलेलं डुकराचं मांस त्यात धरतच नाहीत काही जण. मिक्स सॅलडमध्ये ट्यूना मासा असतोच असतो. मसूर मागवली तर सॉसेज निघतं. वाक्य पूर्ण म्हणा: 'नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन, नि आतून, नि उएवो.' मांस नाही, मासा नाही, खामोन नाही, ट्यूना नाही, अंडं नाही. माझं हे वाक्य आता इतकं सफाईदार आहे की लोकांना वाटतं, मी माद्रिदची.

अंडं नसल्याने बटाट्याची 'तोर्तिया' गेली, हे मोठं नुकसान. पाव-टोमॅटो, चीज, ऑलिव्ह, फळं, तळलेल्या मिरच्या, आणि स्वयंपाकघर असलेल्या आल्बेर्गेत स्वतः शिजवणं. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, त्याआधी कांदे-टोमॅटो घेऊन ठेवा. मसाल्याची पुडी घरून न्या. मी खिचडी केली तेव्हा दोन कोरियन पोरी आणि एक इटालियन काका ताट घेऊन आले. त्या रात्री मी सर्वांत जास्त स्पॅनिश बोलले, कारण आम्हा चौघांत तीच एक सामाईक भाषा होती, सगळ्यांचीच मोडकी. मोडक्याशी मोडकं बोलताना लाज वाटत नाही.

---

ओसाड_गाव

माझा अनुभव उलटा. मी जपानी N3 (म्हणजे मधली पातळी) आहे, जपानमधल्या कुमानो कोदो या जुन्या यात्रामार्गाची नाकाहेची वाट चालले. जंगल सुंदर, वाटेत शिक्के मारायच्या लाकडी पेट्या, पण माणूस भेटेल तर शपथ. चार दिवसांत बोलणं झालं ते रात्री मुक्कामाच्या घरी. तेही अतिनम्र जपानी, जे मला कळायला तीन सेकंद लागतात, तोवर पुढचं वाक्य येतं. बोलायचं असेल तर गावागावांतून जाणारी वाट निवडा, शिकोकूच्या ८८ देवळांसारखी. तिथे लोक रस्त्यात थांबवून संत्री हातात देतात, आणि नाही म्हणायचं नसतं.

---

खडूस_काका

बरं, समजा मला जायचं झालं. (समजा.) सारियापासून शेवटचे शंभर किलोमीटर केले तर ते प्रमाणपत्र मिळतं म्हणतात. सात दिवसांत उरकतं. तेवढंच करून भाषा येईल?

---

वाकडी_वाट

@काका: 'कोंपोस्तेला' मिळेल, भाषा कमी. सारियातून सगळ्यात जास्त लोक निघतात. २०२४ मध्ये सांतियागोला पोहोचून प्रमाणपत्र घेणारे ५ लाखांच्या घरात होते. सारियानंतरच्या पाच दिवसांत मी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली की दुकानदार इंग्रजीत उत्तर द्यायचे. शाळेच्या सहली, टूर कंपन्यांच्या बसा, मेनू पाच भाषांत. त्यांची चूक नाही, रांग असते. आणि २०२७ला तर बोलूच नका. २५ जुलै, सांतियागोचा दिवस, रविवारी आला की पवित्र वर्ष, तेव्हा अफाट गर्दी होते.

भाषेसाठी पठारच. 'मेसेता' म्हणतात, पुष्कळ लोक कंटाळवाणं म्हणून बसने टाळतात, म्हणून तर गावात बसलेल्या आजोबांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो. मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला सावली नाही, काहिली होते. आधी आठवडाभर सालामांकात क्लास करा, १२१८ सालचं विद्यापीठ आहे तिथे आणि परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणं हा गावाचा जुना व्यवसाय. तिथूनच 'रुपेरी वाट' जाते, सेविलहून येणारी. सालामांका ते सामोरा ६५-७० किमी, गर्दी जवळजवळ नाही. क्लासात शिकलेलं सोमवारी, वापरलेलं शनिवारी. मी पुन्हा गेले तर हेच करणार.

आणि जोडीने जाऊ नका. म्हणजे जा, पण दिवसातले दोन तास तरी एकमेकांत दहा मिनिटांचं अंतर ठेवून चाला. बायको सोबत असली की मराठीच होते.

---

पेद्रूची_शेजारीण

+१. आम्ही नियम केला होता, दुपारपर्यंत पोर्तुगीज. पहिला फोड आल्यावर नवरा जे बोलला ते शुद्ध कोल्हापुरी होतं.

---

सहज_सुचलं

फोडाला काय म्हणतात? आधीच पाठ करून ठेवतो.

---

वाकडी_वाट

'आंपोया'. आणि चार्जिंगच्या प्लगला 'एंचूफे', ढेकणाला 'चिंचे'. तिन्ही शब्द मला कोणत्याही पुस्तकात भेटले नव्हते. तिन्ही पहिल्या ४८ तासांत लागले. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखा. तिथल्या बाई टाच बघूनच काय द्यायचं ते देतात, पण तुम्ही 'मे दुएले' म्हणून बघाच, खूश होतात.

---

खडूस_काका

कारियोनच्या जोगिणींचं (नन्सचं) काही लिहिलं नाहीत? कुठेतरी वाचलं की त्या यात्रेकरूंना गाणी म्हणायला लावतात.

---

वाकडी_वाट

काका, 'समजा' म्हणता म्हणता बरंच वाचून झालंय तुमचं!

हो. सांता मारिया चर्चच्या आल्बेर्गेत संध्याकाळी सिस्टर गिटार घेऊन बसतात. सगळ्यांनी गोल बसायचं, आपण कोण, कुठले, का चालतोय ते सांगायचं. माझी पाळी येईपर्यंत हाताला घाम. नाव झालं, इंडिया झालं, 'का' वर गाडी अडली. 'गुडघे चालतायत तोवर' एवढंच सांगायचं होतं, आणि 'तोवर' सापडेना. शेवटी म्हटलं, 'ओय, लास रोदियास, सी. मान्याना, नो से.' आज गुडघे हो. उद्या, माहीत नाही. सगळे हसले. पलीकडच्या सत्तरीच्या जर्मन आजींनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली.

---

खडूस_काका

हं.

सप्टेंबरच्या व्हिसाची तारीख घेतली आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही, इथे कोणी ओळखीचं असेल तर कृपया गप्प बसावं. फक्त एक सांगा, 'मी घोरतो' ला काय म्हणतात?

---

वाकडी_वाट

'रोंको'. पण पाठ करायची गरज नाही काका, पहिल्या रात्रीच सगळ्यांना कळतं.